गेमच्या कॅसेटींना घर

प्रश्न : टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमच्या कॅसेटी आणि प्लेस्टेशन २ च्या सुट्या डीव्हीडी जपायच्या आहेत. डब्या घरीच करता येतील? – एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : येतील की! या पिवळ्या कॅसेटी साधारण गाण्याच्या कॅसेटच्या डबीएवढ्या असतात, तेव्हा माळ्यावरचा जुना कॅसेट-रॅक काढा. डीव्हीडींना रिकाम्या काळ्या डब्या घ्या. कव्हर ए-४ कागदावर छापून २७३ बाय १८३ मिलिमीटर कापा. मधली १४ मिलिमीटरची पट्टी पाठीची. नाव तिथे हवंच, नाहीतर शोधत बसाल. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेनं प्लास्टिक खराब होतं. आणि वर्ध्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगावा! भरलेला रॅक पुन्हा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा.