कार्ब्युरेटर केवढा असावा?

अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक जीटीओ ही मोटार निघाली. मध्यम बांध्याच्या गाडीत ३८९ घनइंचांचे भलेमोठे इंजिन बसवायचे, एवढीच तिच्यामागची कल्पना. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणू लागले. आपण दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारी गाडी म्हणू या! आज हौशी लोक या जुन्या गाड्यांची इंजिने खोलतात, सिलिंडर तासतात, नवे पिस्टन व रिंगा घालून ती पुन्हा उभी करतात. सगळे जुळून आले की शेवटी प्रश्न येतो कार्ब्युरेटरचा, आणि इथे पुष्कळांचा पाय घसरतो. इंजिन दांडगे, तेव्हा कार्ब्युरेटरही दांडगाच हवा, असा त्यांचा समज असतो. हा समज कितपत खरा, हे आपल्या पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासता येते.

उदाहरणादाखल शेव्रोलेचे ३५० घनइंचांचे व्ही-८ इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ४ इंच, पिस्टनची धाव ३.४८ इंच. झिजलेल्या सिलिंडरांचा व्यास पुनर्बांधणीत बहुधा ०.०३० इंचाने वाढवतात. त्यामुळे आठांचे मिळून घनफळ ३५५ घनइंच होते. (गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे.) म्हणजे इतका खटाटोप करून इंजिन वाढले ते पाचच घनइंचांनी, केवळ तेवढ्यासाठी मोठा कार्ब्युरेटर घेण्याचे कारण नाही.

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो, आणि एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. म्हणून घनइंचांना दर मिनिटाच्या कमाल फेऱ्यांनी गुणून १७२८ च्या दुपटीने, म्हणजे ३४५६ ने, भागले की दर मिनिटाला लागणारी हवा घनफुटांत मिळते. कमाल फेरे ५५०० धरले तर उत्तर ५६५ येते. परंतु सिलिंडर पूर्ण भरत नाही. झडपा आणि नळ्यांची वळणे हवेला अडवतात. साध्या इंजिनाचा भरणा ८५ टक्के धरला, तर राहतात ४८० घनफूट. इथे एक सावधगिरी हवी. फेऱ्यांचा आकडा प्रामाणिकपणे धरला पाहिजे. जे इंजिन आयुष्यात कधी ७००० फेऱ्यांपर्यंत जाणार नाही, त्याच्या नावावर ७००० लिहून मोठे उत्तर काढणारे महाभाग कमी नाहीत.

आता कार्ब्युरेटरवरच्या आकड्याचा अर्थ पाहू. ६०० चा चौमुखी कार्ब्युरेटर म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या दाबात दीड इंच पाऱ्याचा फरक असताना मिनिटाला ६०० घनफूट हवा जाऊ देणारा. दुमुखी कार्ब्युरेटर मात्र तीन इंच फरकावर मोजतात. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने ५०० चा दुमुखी चौमुखीच्या मापाने जेमतेम ३५४ चा ठरतो. हे न कळल्यामुळे अनेकांची फसगत होते.

हाच नियम उलटा वापरू. आपल्या इंजिनाची ४८० घनफूट हवा ६०० च्या कार्ब्युरेटरमधून गेली तर दाबाची घट ०.९६ इंच होते. ७५० च्यातून गेली तर ०.६१ इंच. फरक ०.३५ इंचाचा. वातावरणाचा दाब सुमारे ३० इंच आहे, म्हणजे लाभ सव्वा टक्क्याच्याही आत, आणि तोही केवळ सर्वोच्च वेगाला, पेडल तळाशी दाबलेले असताना!

या लाभाची किंमत मोजावी लागते ती खालच्या वेगात. इटालियन शास्त्रज्ञ व्हेन्चुरी याने १७९७ साली वर्णिलेल्या तत्त्वानुसार अरुंद घशातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. या उतरलेल्या दाबानेच पेट्रोल वर ओढले जाते. घशाचे क्षेत्रफळ दीडपट केले तर तितक्याच हवेचा वेग दोन-तृतीयांश होतो, आणि ओढ वेगाच्या वर्गानुसार चार-नवमांश, म्हणजे निम्म्याहून कमी उरते. पेट्रोलचे तुषार होत नाहीत, थेंब होतात. पेडल दाबताच गाडी क्षणभर गुदमरते. मग मालक वैतागून जेट वाढवतो, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते. नव्या रिंगा नीट बसायच्या आतच झिजू लागतात, आणि पुनर्बांधणीचा सगळा खर्च पाण्यात जातो.

कोणी म्हणेल, १९६७ च्या कॅमारो झेड-२८ मध्ये ३०२ घनइंचांच्या इंजिनावर ७८० चा हॉली होता, त्याचे काय? शंका रास्त आहे. ७००० फेऱ्यांना पूर्ण भरणा धरूनही सूत्र ६१२ च सांगते. पण ते इंजिन चढ्या फेऱ्यांसाठीच घडवलेले होते, गियर हाताने बदलायचे होते, आणि मुख्य म्हणजे मागचे दोन घसे निर्वाताच्या ओढीने, इंजिनाने मागितले तरच उघडत. त्याच वर्षी जीटीओवर आलेल्या रॉचेस्टर क्वाड्राजेटमध्येही पुढचे घसे अगदी लहान, मागचे प्रचंड, आणि त्यांवर हवेच्या जोराने उघडणारी झडप. असा कार्ब्युरेटर थोडा मोठा असला तरी चालतो. मागचे घसे दांडीने थेट पेडलला जोडलेले असतील तर मात्र मापात चूक खपत नाही. वजनदार, स्वयंचलित गियरच्या गाडीला तो घेऊच नये, असे माझे मत आहे.

तेव्हा या ३५५ च्या इंजिनाला निर्वाताने उघडणारा ६०० चा चौमुखी योग्य. बसवल्यावर खात्री करून घ्यावी. इनटेक मॅनिफोल्डला निर्वातमापक जोडून मोकळ्या, सुरक्षित जागी पेडल पूर्ण दाबून गाडी कमाल फेऱ्यांपर्यंत न्यावी. काटा दीड इंचाच्या बराच वर गेला तर कार्ब्युरेटर लहान पडतो आहे. इंचाच्या आसपास राहिला तर ठीक. हॉलीच्या बाबतीत आणखी एक सोपी तपासणी आहे. मागच्या घशांच्या पडद्याला जोडलेल्या दांडीवर कागद अडकवायची साधी क्लिप लावून ती घराला टेकेपर्यंत वर सरकवावी आणि वेगाने एक फेरी मारून यावे. क्लिप जितकी खाली सरकलेली दिसेल तितके मागचे घसे उघडले. ती जागची हललीच नसेल, तर घसे उघडलेच नाहीत. अशा वेळी पडदा फाटला आहे की दांडी अडकते आहे, हे आधी पाहावे. दोन्ही ठीक असतील तर आतली स्प्रिंग बदलून हलकी घालावी.