चिमणीला सुट्टी नसते

आपल्या ग्वाल्हेरला जानेवारीत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो व मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. आपण स्वेटर घालतो, कूलर लावतो. चिमणी काय करते?

तिच्या शरीराचे तापमान दोन्ही ऋतूंत सुमारे ४१ अंश असते, आपले ३७. थंडीत ती पिसे फुगवते. त्यांत अडकलेली हवा रजईचे काम करते. छातीचे स्नायू थरथरवून ती उष्णता निर्माण करते. त्यासाठी दिवसभर खाऊन साठवलेली चरबी रात्री जळते. म्हणून हिवाळ्यात संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या चिमण्यांना उडवू नये.

उन्हाळ्यात उलट. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून, धापा टाकून ते शरीरातील पाण्याची वाफ बाहेर सोडतात. थंड राहण्यासाठी पाणीच खर्च होते.

शाळेच्या छतावरील सकोरे तुम्ही एप्रिलपर्यंत भरता. सुट्टी लागताच ते कोरडे पडतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पाण्याची गरज तर तेव्हाच अधिक! यंदा जवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाळी घ्यावी, पालकांनी परवानगी द्यावी व विश्वस्तांनी सकाळी फाटक उघडण्याची व्यवस्था करावी, ही विनंती. पहिला आठवडा आम्ही शिक्षक सांभाळू.