कानाचे विकार आणि कारखान्यातील बधिरता

रायपूर शहरातून बिलासपूरकडे जाणारा रस्ता धरला की शहराच्या उत्तरेस सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र लागते. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि विदर्भ एकाच राज्यात होते, आणि नागपूरकडील मराठी कुटुंबे तर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात राहत आली आहेत. आज सिलतऱ्यात स्पंज लोखंडाच्या फिरत्या भट्ट्या आणि तप्त पोलादाच्या सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल आहेत. अशा कारखान्यात हवा फेकणारे पंखे, कॉम्प्रेसर, लोखंड कापणाऱ्या करवती आणि सळयांवर सळया आदळण्याचा आवाज यांना खंड नसतो. डोळ्यांत ठिणगी गेली तर कामगार तत्काळ दवाखान्यात धाव घेतो. कानाला होणारी इजा मात्र दुखत नाही आणि तिच्यातून रक्तही येत नाही. म्हणून तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते.

ही इजा नेमकी कोठे होते हे कळण्यासाठी कानाची रचना थोडक्यात पाहू. बाहेरच्या पाळीतून व नळीतून आलेल्या ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे मध्यकर्णाची लहानशी पोकळी असून तिच्यात हातोडी, ऐरण व रिकीब या नावांची तीन इवलीशी हाडे एकमेकांस जोडलेली असतात. (ही नावे शरीरशास्त्राच्या पुस्तकातील खरी, पण लोहाराच्या पालातही ती शोभली असती.) रिकिबीचा तळ पडद्याच्या मानाने फारच लहान असल्यामुळे मोठ्या पृष्ठभागावर पडलेला दाब लहान जागी एकवटतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी भर पडते आणि दाब सुमारे वीस पटींनी वाढतो. पुढे अंतःकर्णात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या द्रवयुक्त नळीत, सुमारे पंधरा हजार केशकोशिका ओळीने बसलेल्या असतात. त्यांच्या टोकांवरील सूक्ष्म केस हलले की श्रवणतंत्रिकेत संदेश निर्माण होतो. मनुष्यामध्ये एकदा मेलेली केशकोशिका पुन्हा निर्माण होत नाही. पुढचे सर्व विवेचन या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

बाहेरच्या नळीत किंवा मध्यकर्णात अडथळा आल्याने येणारी बधिरता बहुधा दुरुस्त करता येते. साधा मळ घट्ट बसला तरी कान बंद होतो. थेंब घालून तो मऊ करावा आणि वैद्याकडून काढवून घ्यावा. आगपेटीच्या काडीने किंवा केसांच्या आकड्याने तो कोरणे म्हणजे त्याला आणखी आत लोटणे होय. मुलांमध्ये सर्दीनंतर घसा व कान यांना जोडणारी नळी बंद होऊन मध्यकर्णात पाणी साचते किंवा पू होऊन पडदा फाटतो. यालाच आपल्याकडे कान फुटणे म्हणतात. वारंवार वाहणाऱ्या कानात तेल ओतण्याची चाल अजूनही गेलेली नाही. ती सर्वथा सोडावी. असा कान कोरडा ठेवणे हाच पहिला उपचार आहे. पडद्याचे छिद्र आपोआप न बुजल्यास कानामागील स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ लावता येते. ही शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. स्राव दुर्गंधीयुक्त असेल तर मात्र विलंब करू नये, कारण पडद्याची त्वचा आत वाढून हाड कुरतडीत असण्याचा संभव असतो आणि तो रोग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. रिकीब जागच्या जागी घट्ट होण्याचाही एक विकार आहे. १९५६ साली अमेरिकेतील जॉन शे यांनी ती काढून तिच्या जागी कृत्रिम रिकीब बसविली.

बधिरता मध्यकर्णातील की अंतःकर्णातील, हे विशेषज्ञ एका साध्या नादकाट्याने ताडतो. काटा वाजवून प्रथम कानासमोर धरायचा आणि मग त्याचा दांडा कानामागील हाडावर टेकवायचा. निरोगी माणसास समोरचा नाद मोठा वाटतो. हाडावरचा मोठा वाटला तर हवेच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. नंतर काटा कपाळाच्या मध्यावर ठेवतात. मध्यकर्ण बिघडला असेल तर नाद त्याच आजारी कानात अधिक ऐकू येतो. हे ऐकून रोग्यास नवल वाटते, पण त्याचे कारण सरळ आहे: त्या कानात बाहेरचा गोंगाट शिरत नाही आणि हाडातून आलेला नाद बाहेर निसटत नाही. अंतःकर्ण बिघडला असेल तर नाद चांगल्या कानाकडे जातो. वेबर व रिने या जर्मन वैद्यांच्या या परीक्षा एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि इतकी यंत्रे आली तरी त्या मागे पडलेल्या नाहीत.

नक्की मोजमाप मात्र श्रवणमापक यंत्राने, आवाजबंद खोलीत करावे लागते. तेथे निरनिराळ्या उंचीचे स्वर हळूहळू वाढवीत ऐकवून प्रत्येक स्वर प्रथम केव्हा ऐकू आला याचा आलेख काढतात. कारखान्यातील कामगाराच्या आलेखात एक विशिष्ट खूण सापडते: दर सेकंदास ४,००० कंपनांच्या आसपास रेषा खळग्यासारखी खाली जाते व त्यापुढे पुन्हा वर येते. खळगा दिसला आणि गोंगाटात काम केल्याचा इतिहास मिळाला की निदान बहुधा होते. परीक्षेपूर्वी एक रात्र तरी आवाजापासून दूर राहावे; पाळी संपताच तपासल्यास कानाचा तात्पुरता थकवाही कायमच्या बधिरतेत मोजला जातो.

हा खळगा रोगी स्वतः का ओळखीत नाही? बोलण्यातील स्वर बहुतांशी खालच्या पट्टीत असतात, ते त्याला पूर्वीसारखेच ऐकू येतात. स, श, क, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात, आणि तीच प्रथम नाहीशी होतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत त्याचा घोटाळा होतो. लोक स्पष्ट बोलत नाहीत अशी त्याची तक्रार असते. तो रेडिओ मोठा लावतो आणि घरातील लहान मुलांचे बोलणे त्याला कळेनासे होते. बहुधा बायकोच्या हे प्रथम ध्यानात येते. रात्री शांततेत कानात शिट्टीसारखा नाद घुमत असेल तर तीही या विकाराची खूण समजावी. शिवाय डोक्यावरून जाणाऱ्या क्रेनचा इशारा न कळल्यास प्रसंग जिवावर बेततो.

हा व्यवसायजन्य रोग नवा नाही. १८८६ साली ग्लासगो येथील टॉमस बार यांनी बॉयलर बनविणारे कामगार, ओतारी व टपालवाटे यांची श्रवणशक्ती पडताळून पाहिली, तेव्हा बॉयलरवाल्यांची अवस्था सर्वांत वाईट आढळली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत या बधिरतेचा समावेश करण्यात आला होता. त्याखालील नमुना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरलेली होती. ९५ असल्यास चार तास, १०० असल्यास दोन. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नव्हे, दर दहा डेसिबलमागे ध्वनीची शक्ती दसपट होते. जागतिक आरोग्य संघटना तर ८५ डेसिबलच्या वरच सावध राहण्यास सांगते.

या बधिरतेवर औषध नाही, आणि मेलेली कोशिका शस्त्रक्रियेनेही परत येत नाही. यंत्राला आवरण घालणे, कामगारांच्या पाळ्या आळीपाळीने बदलणे आणि कानात बोळे किंवा कानांवर टोप्या घालणे, एवढेच उपाय हाती आहेत. टोपीविषयी एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आठ तासांपैकी चार तास ती काढून ठेवली, तर कानावर पडणाऱ्या एकूण ध्वनीत केवळ निम्मी घट होते, म्हणजे टोपी कितीही उत्तम असली तरी लाभ अवघा तीन डेसिबलचा. उकाड्यामुळे टोपी सहन होत नसेल तर कानातील बोळे बरे.

कानात एकाएकी, एखाद्या दिवसात बहिरेपणा आला असेल, तर तो या प्रकारचा नव्हे. त्यासाठी त्याच आठवड्यात विशेषज्ञाकडे जावे, कारण स्टिरॉइडचा उपचार लवकर झाला तरच उपयोगी पडण्याची आशा असते. चक्कर, कर्णनाद व बधिरता ही एकत्र येत असतील तर पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये वर्णिलेल्या विकाराचाही विचार करावा लागतो.

ज्याची श्रवणशक्ती गेलीच आहे त्याला श्रवणयंत्र देतात. जुनी यंत्रे सर्व आवाज सारखेच वाढवीत, त्यामुळे गोंगाटही वाढे आणि कामगार यंत्र पेटीत ठेवून देत असे. आजची यंत्रे प्रत्येकाच्या आलेखाप्रमाणे जुळविता येतात व नेमकी वरची पट्टी उचलतात. तरी ती लावल्यावर काही आठवडे सरावाचे जातात. आधी शांत खोलीत घरच्या माणसाशी बोलावे, मग बाजारात जावे.