तोडलेली भाजीही श्वास घेते!



अनेक गावांत बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. हौसेने आणलेली मेथी-कोथिंबीर तिसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि कष्टाचे पैसे उकिरड्यावर जातात. फ्रीज सगळ्यांकडे नसतो, असला तरी वीज असेलच असं नाही. म्हणून परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय जरूर घ्या.

मुलांना आधी एवढंच सांगा : भाजी तोडली तरी ती जिवंत असते. ती श्वसन करते, तिच्यातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि ती मलूल होते. उलट पानांवर पाणी साचून राहिलं तर ती सडते. पुढचे सगळे उपाय याच दोन गोष्टींवर आहेत.

१) कोथिंबीर : सडकी पाने काढा. मुळे पेल्यातल्या पाण्यात बुडवून जुडी उभी ठेवा. पाने पाण्याबाहेर हवीत. पाणी रोज बदला.

२) मेथी, पालक : न धुता जुडी सोडा, ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळा. धुवायचं ते चिरण्याआधी.

३) गाजर, मुळा : पाला लगेच कापा, तो कंदातलं पाणी ओढतो. मुळ्याच्या पाल्याची भाजी करा.

४) कांदा-बटाटा : दोन्ही वेगवेगळे, कोरड्या व हवेशीर जागी. बटाटा अंधारात ठेवा. उजेडात तो हिरवा पडतो व त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं.

५) पिकलेली केळी, टोमॅटो : यातून इथिलीन वायू निघतो, त्याने शेजारची काकडी, पालेभाजी लवकर पिवळी पडते. म्हणून अंतर ठेवा.

उन्हाळ्यात मातीचा फ्रीज करता येतो. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा, वाळू दिवसातून दोनदा भिजवा, वर ओलं फडकं टाका. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने आतली भाजी गार राहते. मात्र दमट हवेत, पावसाळ्यात याचा उपयोग कमी होतो. का, ते मुलांनाच विचारा!

कृती : मेथीच्या ३ सारख्या जुड्या घ्या. एक उघडी, एक ओलसर फडक्यात, एक प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून. ३ दिवस रोज वजन, रंग आणि वास तक्त्यात लिहा. पिशवीतल्या जुडीचं वजन फारसं घटणार नाही, पण ती कुबट वास मारू लागेल. म्हणजे नुसतं वजन टिकणं म्हणजे ताजेपणा नव्हे, हे मुलांना आपोआप कळेल.

शेवटी घरी एक गणित द्या : या आठवड्यात किती रुपयांची भाजी फेकली? पुढच्या आठवड्यात किती वाचली? उत्तर आईबाबांसोबत काढू द्या.