ओळखपत्र आणि नागरिक

आपल्याविषयीची खाजगी माहिती शासनाच्या हाती देण्यास सर्वसामान्य नागरिक सहसा नाखूष असतो. परंतु संकट दाराशी येऊन ठेपले की तीच माहिती तो विनातक्रार देऊन टाकतो. या देवघेवीचे स्वरूप समजून घेण्यास ब्रिटनमधील ओळखपत्रांचा इतिहास उद्‌बोधक आहे.

जर्मनीशी युद्ध जाहीर होताच सप्टेंबर १९३९ मध्ये तेथे राष्ट्रीय नोंदणीचा कायदा संमत झाला. २९ सप्टेंबर रोजी घरोघरच्या माणसांची नावे, जन्मतारखा व व्यवसाय यांची नोंद झाली आणि प्रत्येकास ओळखपत्र मिळाले. विरोध असा फारसा झालाच नाही. मात्र याचे सारे श्रेय देशभक्तीला देणे भाबडेपणाचे होईल. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, अशीच नोंदणी झाली होती. पण लोकांच्या नित्य व्यवहाराशी तिचा संबंध नसल्यामुळे बदललेला पत्ता कळविण्याची तसदी कोणी घेईना. हा धडा महानिबंधक सिल्व्हेनस व्हिव्हियन यांनी ध्यानात ठेवला होता. म्हणून या खेपेस ओळखपत्राची सांगड शिधापुस्तकाशी घालण्यात आली. लोणी आणि साखर हवी, तर नोंद अद्ययावत ठेवणे भाग होते. लोकांची संमती होती खरी. पण तिच्यामागे बाँबच्या भयाइतकीच स्वयंपाकघराची चिंता होती.

युद्ध १९४५ साली संपले, ओळखपत्रे राहिली. पोलीस आता किरकोळ कारणांसाठीही ती मागू लागले. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर लंडनमधील फिंचली येथे मोटार चालवीत असलेल्या क्लॅरेन्स विलकॉक यांना पोलिसाने अडविले व ओळखपत्र मागितले. त्यांनी साफ नकार दिला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना दोषी ठरविले, पण शिक्षा केली नाही. १९५१ साली अपिलाचा निकालही त्यांच्याविरुद्ध गेला. कायदा अद्याप अंमलात असल्याने गुन्हा घडला होता, हे सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांना मान्य करावे लागले. परंतु युद्धकाळासाठी केलेला कायदा शांततेच्या काळात भलत्याच कामाला जुंपण्यावर त्यांनी कडक टीका केली. अशाने कायदा पाळणारी माणसेच पोलिसांवर रुष्ट होतील, असे त्यांचे म्हणणे होते. विलकॉक खटला हरले आणि तरीही जिंकले म्हणावयाचे!

फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रे रद्द झाली. गंमत अशी, की शिधावाटप त्यानंतरही जुलै १९५४ पर्यंत चालूच होते. नोंदवही मात्र नष्ट झाली नाही. १९४८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने तिचाच आधार घेतला होता. त्यामुळे १९३९ च्या त्या शुक्रवारी युद्धासाठी म्हणून मिळालेला क्रमांक पुढे कित्येक दशके डॉक्टरांच्या कागदपत्रांत माणसाची साथ करीत राहिला.