शुश्रूषेची दीक्षा

इ. स. १९१८ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाचे एक गाव आहे. तेथे व्हॅसर हे त्या काळी केवळ मुलींसाठी असलेले महाविद्यालय होते. उन्हाळ्याच्या सुटीत ते एरवी ओस पडे. परंतु त्या वर्षी जूनच्या अखेरीस देशाच्या निरनिराळ्या भागांतून चारशेहून अधिक तरुणी तेथे येऊन दाखल झाल्या. त्या सगळ्याजणी पदवीधर होत्या. आता त्या पुन्हा विद्यार्थिनी होणार होत्या; शिकायचे होते रुग्णांची सेवा करण्यास.

त्यामागे तसेच कारण होते. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली. शिकलेल्या परिचारिका जखमी सैनिकांच्या सेवेसाठी युरोपात जाऊ लागल्या आणि देशातील रुग्णालयांत परिचारिकांची उणीव भासू लागली. परिचारिका तयार होण्यास त्या काळी सामान्यतः तीन वर्षे लागत. तेव्हा व्हॅसर महाविद्यालय व रेडक्रॉस संस्था यांच्या साहाय्याने एक नवी योजना आखण्यात आली. पदवीधर तरुणींनी प्रथम बारा आठवडे महाविद्यालयात शास्त्राचा अभ्यास करावा आणि मग सुमारे दोन वर्षे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून शिक्षण पुरे करावे, अशी ती योजना होती.

तीन वर्षांचे शिक्षण दोन वर्षांत! मग ते अपुरे तर राहणार नाही? प्रश्न साधा नव्हता. धड्यात चूक झाली तर ती खोडता येते. औषधाच्या मात्रेत चूक झाली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. योजना आखणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणून त्यांनी आवश्यक विषय गाळले नाहीत. शरीररचना, जंतुशास्त्र, रसायनशास्त्र, आरोग्यशास्त्र, आहारशास्त्र, औषधांची माहिती हे सारे त्या बारा आठवड्यांत शिकविले जाई. या तरुणींना अभ्यासाची सवय मुळातच होती. वेळ वाचला तो या पूर्वतयारीमुळे आणि दिवसभर केलेल्या कष्टांमुळे.

या मेळाव्यात कॅथरिन डेन्सफर्ड नावाची एक तरुणी होती. तिचा जन्म १८९० मध्ये इंडियाना राज्यात झाला. शिकागो विद्यापीठाची एम्. ए. ही पदवी मिळवून ती शाळेत शिक्षिका झाली होती. शिकविणे सोडून शिकावयास बसणे, आणि तेही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, हे सोपे नसते. परिचारिकेच्या विद्येत कमीपणा वाटावा अशी कामेही पुष्कळ असतात. रुग्णाचे अंग पुसावे लागते, मलमूत्राची भांडी उचलावी लागतात, आणि रुग्णाला न उठविता त्याच्या अंगाखालची चादर बदलावी लागते. या कामी पदवीचा उपयोग नसतो; तेथे हात हलका व मन शांत असावे लागते.

सप्टेंबरात शिबिर संपले आणि या तरुणी निरनिराळ्या रुग्णालयांत रुजू झाल्या. कॅथरिन सिनसिनाटी शहरी गेली. तोच इन्फ्लुएन्झाच्या भयंकर साथीने देशाला ग्रासले. याच साथीने त्या वर्षी आपल्या मुंबई इलाख्यातही हाहाकार उडविला होता. तापाने फणफणलेल्या रुग्णांना ठेवावयास खाटा पुरेनात. पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच परीक्षेची घटका येऊन ठेपावी, तसे त्या नवशिक्या परिचारिकांचे झाले.

नोव्हेंबरच्या ११ तारखेला युद्ध थांबले. ज्या संकटासाठी त्या आल्या होत्या ते टळले होते. पुष्कळजणी शिक्षण अर्धवट सोडून आपापल्या पूर्वीच्या मार्गाला लागल्या. त्यांना दोष देता येणार नाही. परंतु युद्ध संपले तरी आजार संपले नव्हते. कॅथरिन मागे फिरली नाही. १९२० मध्ये तिने आपले शिक्षण पूर्ण केले.

पुढे १९३० मध्ये डेन्सफर्डबाई मिनेसोटा विद्यापीठाच्या परिचर्या-विद्यालयाच्या प्रमुख झाल्या व १९५९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच प्रसंग ओढवला. १९४३ मध्ये अमेरिकेने कायदा करून परिचारिकांचे एक छात्रदल उभारले. छत्तीस महिन्यांचा अभ्यासक्रम तीस महिन्यांत बसविण्यात आला. विद्यार्थिनींना फी माफ होती; पुस्तके, गणवेश आणि दरमहा थोडी रक्कमही मिळे. त्यांनी युद्ध संपेपर्यंत सेवा करण्याचे वचन द्यावयाचे, एवढीच अपेक्षा होती. वंश वा वर्ण पाहून कोणालाही वगळावयाचे नाही, असे कायद्यातच नमूद होते. या दलातून सव्वा लाखाच्या आसपास परिचारिका शिकून बाहेर पडल्या. डेन्सफर्डबाईंच्या विद्यालयाने या कामी मोठाच वाटा उचलला. एके काळी जी वाट त्या स्वतः चालल्या होत्या, तीवर आता त्या इतरांना हात देत होत्या.

पदवीधरांना थोड्या अवधीत परिचर्येची पदवी देणारा अभ्यासक्रम सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केला. आज अमेरिकेत असे अनेक अभ्यासक्रम आहेत. ते साधारणतः अकरा ते अठरा महिन्यांत पुरे होतात. प्रवेशासाठी आधीची पदवी, चांगले गुण आणि शरीरशास्त्र, जंतुशास्त्र यांसारख्या विषयांचा अभ्यास लागतो. सुट्या फारच थोड्या मिळतात. या काळात नोकरी करू नये, असे विद्यार्थ्यांना बजावले जाते. शेवटी इतर परिचारिकांप्रमाणेच परवान्याची परीक्षा द्यावी लागते. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास मात्र कमी केले जात नाहीत, कारण खाटेवरील रुग्णाला आपली परिचारिका किती महिन्यांत शिकली याच्याशी कर्तव्य नसते. तिचा हात आपल्या कपाळावर विश्वासाने ठेवून घेता यावा, एवढेच त्याला हवे असते.

शब्दार्थ
परिचर्या – रुग्णाची सेवा, शुश्रूषा. मात्रा – औषधाचे ठरावीक प्रमाण. घटका येऊन ठेपणे – वेळ अगदी जवळ येणे. जिवावर बेतणे – प्राणसंकट येणे.

अभ्यास
१. व्हॅसर महाविद्यालयातील योजना कोणत्या अडचणीतून निघाली?
२. शिक्षणाचा काळ कमी करूनही ते अपुरे राहू नये, म्हणून काय केले गेले?
३. युद्ध संपल्यावरही कॅथरिनने शिक्षण का सोडले नसावे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'हाहाकार उडणे' व 'मागे न फिरणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील परिचारिकेला भेटून तिच्या एका दिवसाच्या कामाचे वर्णन दहा ओळींत लिहा.