छोटी, भाड्याच्या खोल्या काढण्याआधी

छोटी, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, हाताशी थोडे पैसे आहेत, लेआऊटमध्ये प्लॉट घेऊ की किरायाने द्यायला खोल्या काढू?" अशा गोष्टी फोनवर घाईत बोलता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगते. खोल्या काढ, दोनच काढ, आणि त्या आपल्या राहत्या घराच्या मागच्या अंगणात काढ. भाव वाढेल या आशेवर प्लॉट वर्षानुवर्षं पडून राहतो. खोली मात्र महिन्याच्या महिन्याला चार पैसे देते आणि हा व्यवहार कसा करायचा, तेही शिकवते.

आधी किरायदार कोण येणार ते बघ. ब्रह्मपुरी म्हणजे शिकणाऱ्या पोरांचं गाव. नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, आयटीआय आणि शिवाय भरतीची तयारी करणारी पोरं. वैनगंगेपलीकडून वडसा, आरमोरी, कुरखेड्याची मुलं येतात, इकडून नागभीड, सिंदेवाहीची. दवाखान्यांतल्या नर्सताई, बदलीवर आलेले शिक्षक, बँकेचे, वनविभागाचे कर्मचारी वेगळे. नोकरदार माणूस बारा महिने राहतो, पण त्याला स्वयंपाकघर आणि वेगळा संडास-बाथरूम लागतो. विद्यार्थ्याला एक खोली पुरते, पण परीक्षा संपली की तो गावी जातो आणि नवं वर्ष सुरू होईपर्यंत खोली रिकामी. दोघांची गरज वेगळी, म्हणून बांधायच्या आधीच कोणासाठी बांधतेस ते ठरव. मुली ठेवायच्या असतील तर तुझ्यासारखी बाई शेजारीच राहते, ही आईबापांना सगळ्यात मोठी हमी वाटते.

आता हिशेब. समज, दोन खोल्यांना सगळं मिळून सहा लाख लागले आणि एकेकीचा किराया तीन हजार आला. लोक लगेच बारा महिन्यांचे बहात्तर हजार मांडतात. तू दहा महिन्यांचे साठ हजारच मांड. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, मोटार, नळ, बल्ब यांचे दहा हजार काढून ठेव. उरले पन्नास हजार, म्हणजे शेकडा आठच्या थोडं वर. हा आकडा पटला तरच पुढे जा. आणि कर्ज घेतलंस तर दोनपैकी एक खोली रिकामी असतानाही हप्ता भरता येईल, एवढंच घे. दागिने गहाण ठेवून, नाहीतर धानाची चांगली बांधी विकून खोल्या काढायच्या नाहीत, हे माझं मोठ्या बहिणीचं ठाम सांगणं आहे.

बांधताना ऊन ध्यानात ठेव. मे महिन्यात तापमानाच्या बातमीत ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या तापलेल्या गावांत असतं, पारा 46-47 पर्यंत जातो. नुसत्या स्लॅबची, पश्चिमेला भिंत असलेली खोली दुपारी तीन वाजता भट्टी होते. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला की चटका जाणवतो, आणि त्यात अभ्यास करणारी पोरगी गच्चीवर अंथरूण टाकते. म्हणून खिडक्या समोरासमोर ठेव, पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा काढ, स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी पांढरा थर दे. खिडकीबाहेर कूलर बसेल असं लोखंडी स्टँड, त्याला वेगळा पॉइंट आणि पाणी भरायला जवळ नळ एवढं कर. यावर होणारा खर्च जास्त वाटेल, पण उन्हाळ्यात टिकलेला किरायदार पुढच्या वर्षीही टिकतो. प्रत्येक खोलीला विजेचं वेगळं मीटर घे. कूलर कोणाचा आणि बिल कोणाचं, यावरून होणारे निम्मे तंटे तिथेच मिटतात.

कागदाच्या बाबतीत तोंडी शब्दावर राहू नकोस, माणूस कितीही ओळखीचा असो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायदार म्हणेल ते खरं धरलं जातं. उलट लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर न निघणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जादा राहिलेल्या काळाचे दुप्पट पैसे मागता येतात. खर्च म्हणशील तर मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का. परत द्यायच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के व्याज धरून तेही त्या रकमेत मोजतात. महिना पाच हजार किरायाच्या घराचा अकरा महिन्यांचा करार केलास तर हे शुल्क फार तर दोनशे रुपये येतं, वर नगर परिषदेच्या हद्दीत नोंदणीचे हजार रुपये. काम ऑनलाइन होतं. एवढ्या पैशात वर्षभराची झोप मिळते. किरायदाराची माहिती पोलिस ठाण्यातही देऊन ठेव.

पैसे घेतलेस की पावती दे, मग ते फोनवरून आलेले का असेनात. आणि किराया थकला म्हणून कोणाचं पाणी किंवा वीज तोडायची नाही. कायद्यात तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपल्याला शोभत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांची घरं धानावर चालतात. रोवणीच्या दिवसांत बापाच्या हातातला पैसा मजुरी आणि खतात जातो. धान विकून चुकारे मिळेपर्यंत घरात ओढाताण असते. अशा मुलांना दोन हप्त्यांत किराया द्यायची मुभा करारातच लिहून ठेव. तुझे पैसे बुडत नाहीत आणि पोरगं शिक्षण सोडून जात नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. खोली बघायला आलेल्या पोरीला जात विचारू नकोस. कोरचीकडची आदिवासी मुलगी असो की गावाबाहेरच्या वस्तीतली, तिचं आडनाव ऐकून "खोली भरली" म्हणणारी घरं अजून आहेत. तुझं घर त्यात नसावं. कॉलेजचं ओळखपत्र बघ, आईबापांशी बोल, वेळेवर किराया आणि स्वच्छता याच्या अटी घाल. त्यापुढे माणसाची पारख त्याच्या वागण्यावरून कर.

वाढायचं कधी? दोन खोल्या सलग दोन उन्हाळे भरलेल्या राहिल्या, आणि सहा महिन्यांच्या किरायाएवढी रक्कम बँकेत बाजूला पडली, की मग पुढचं पाऊल. ते पाऊल बहुतेक वेळा वरच्या मजल्याचं असतं, म्हणून पाया आणि कॉलम आत्ताच त्या बेताने घे, आणि नगर परिषदेची बांधकाम परवानगी आधीच काढ. त्यानंतर गावातलं एखादं जुनं घर विकायला निघालं तर बघ. राहतं घर फक्त तुझ्या नावाने विकत घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती 2021 पासून लागू आहे. आयकरातही घरपट्टी वजा करून उरलेल्या किरायातले 30 टक्के सरकार दुरुस्तीपोटी सोडतं. विवरणपत्र भर, पुढे बँकेत कर्ज मागायला गेलीस की तेच कागद तुझी पत सांगतील.

आणि कधी जमीन घेतलीसच, तर सातबारा स्वतः वाच. एनए आहे का, लेआऊट मंजूर आहे का, भोगवटादार वर्ग 2 तर नाही ना, हे विचार. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. तिच्या व्यवहारात कोणी मधल्या वाटा सुचवल्या तर उठून ये. त्या वाटेने कोणाचं तरी शेत कायमचं जातं. सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद दिसली तरीही थांब. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीन म्हणूनच धरायच्या असा निकाल दिला. डिसेंबर 1996 च्या आधी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती सिद्ध करायला कागद लागतात. नदीकडच्या बाजूचा प्लॉट उन्हाळ्यात बघू नकोस, पोळ्याच्या सुमारास बघ. ऑगस्ट 2020 मध्ये गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं तेव्हा वैनगंगेने आपल्या तालुक्यातली किती गावं वेढली, ते तुला आठवतं.

दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना दिवसाच्या हिशेबाने खोल्या देण्याचं कोणी सुचवेल, तर तो लॉजचा धंदा आहे. त्याला चोवीस तास माणूस लागतो. सध्या त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

छोटी, या कमाईतून कोणी एका वर्षात श्रीमंत होत नाही. पण दहा वर्षांनी तुझ्या हातात तुझ्या नावाचं, कोणापुढे हात न पसरता येणारं उत्पन्न असेल. या रविवारी घरच्यांना घेऊन मागचं अंगण मोजून घे आणि सोमवारी नगर परिषदेत परवानगीची चौकशी करून ये. प्लॉटचा बयाणा मात्र तोवर कोणालाही देऊ नकोस.